दक्षिणयात्रेची मराठी वर्णने : काही विचार

दक्षिण भारतातील देवळे, राजवाडे, पडक्या राजधान्या आणि उद्याने पाहून आलेल्या मराठी माणसाने घरी परतल्यावर त्या प्रवासाचे वर्णन लिहावे, ही गोष्ट आता इतकी नित्याची झाली आहे की, तिच्याकडे वाङ्मयप्रकार म्हणून पाहण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. दिवाळी अंक, शाळा-महाविद्यालयांची वार्षिके, ग्रंथालयांच्या स्मरणिका, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या ह्यांतून असे लेख सतत प्रसिद्ध होतात. मराठी प्रवासवर्णनाची चर्चा होते ती बहुधा परदेशप्रवासाच्या पुस्तकांच्या अनुषंगाने. 1960 साली प्रसिद्ध झालेल्या 'अपूर्वाई'विषयी आजही आवडीने बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु बेलूर-हळेबीड, हंपी, तंजावर, म्हैसूर, बंगळूर ह्या वाटेवरच्या लेखनाची चिकित्सा आमच्या पाहण्यात फारशी आलेली नाही. वस्तुतः आपल्यापैकी पुष्कळांनी आयुष्यात कधी काही लिहिले असेल, तर ते ह्याच प्रकारात लिहिलेले असते. आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती प्रवासवर्णन म्हणून प्रथम हेच पडते. म्हणून ह्या लेखनाची परीक्षा करणे हे काम क्षुल्लक नाही, असे आम्हांस वाटते.

ह्या विचारास निमित्त झाले ते आमच्याच शाळेतील एका सहलीचे. बेळगाव सीमाभागातील आमच्या मराठी शाळेची सहल 2022 च्या डिसेंबरात तंजावरास गेली होती. सहलीनंतर वृत्तान्त लिहिण्याचा आमचा प्रघात आहे. आलेल्या वह्या तपासताना असे दिसले की, जवळजवळ प्रत्येक मुलाने एक वाक्य न चुकता लिहिले होते : बृहदीश्वराच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. आम्ही एका विद्यार्थ्यास बोलावून विचारले, "हे तू पाहिलेस काय?" मुलगा थोडा घुटमळला आणि म्हणाला, "सर, आपण दुपारी बसलो होतो ते सावलीतच की!" मुलाचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पायांत वहाणा नाहीत, फरशी तापलेली, म्हणून आम्ही सर्व मंडळी विमानाच्या उत्तरेस जी लांबच लांब सावली पडली होती तिच्यात अर्धा तास विसावलो होतो. त्याच सावलीत बसलेल्या मुलांनी ती पडत नाही असे लिहिले. कारण सहलीपूर्वी त्यांच्या हाती दिलेल्या माहितीपत्रकात तसे छापले होते. ते माहितीपत्रक आम्ही स्वतः लिहिले होते, आणि आम्ही ते वाक्य एका जुन्या प्रवासलेखातून उचलले होते.

ह्या प्रसंगाने आम्ही ओशाळलो, हे येथे नमूद केले पाहिजे. मूल खोटे बोलले असते तर त्याला समजावता आले असते. येथे मूल खोटे बोललेच नव्हते. त्याने डोळ्यांपेक्षा छापील अक्षरावर अधिक विश्वास ठेवला होता, आणि तो विश्वास आम्हीच त्याला शिकवला होता. त्यानंतर आम्ही आमच्या ग्रंथालयातील जुनी वार्षिके, दिवाळी अंक आणि कात्रणे काढून दक्षिणयात्रेची जेवढी वर्णने मिळाली तेवढी पुन्हा वाचली. लेखकांची नावे येथे देत नाही. दोष एकट्या-दुकट्याचा नाही, आणि त्यांत आमचे स्वतःचेही दोन लेख आहेत. ह्या वाचनातून जी मते बनली ती पुढे मांडीत आहोत.

पहिला दोष अद्भुताच्या हव्यासाचा. तंजावरच्या वर्णनात सावलीची कथा येते. तिच्या पाठोपाठ शिखरावरचा घुमटाकार भाग एकाच अजस्र दगडाचा असल्याची कथा येते. वास्तविक तो भाग अनेक दगड जोडून केलेला आहे. बेलूरच्या वर्णनात जकणाचारीची कथा येते : थोर शिल्पी, त्याने घडविलेली मूर्ती, तीत दोष दाखवणारा अनोळखी तरुण, दगडाच्या पोटातून निघालेला बेडूक, प्रतिज्ञेप्रमाणे कापून टाकलेला उजवा हात आणि शेवटी तो तरुण आपलाच मुलगा असल्याचा शोध. कथा सुंदर आहे, आणि लोककथा म्हणून ती अवश्य सांगावी. परंतु ती इतिहास म्हणून सांगितली की एक मोठी हानी होते. जकणाचारीचे नाव त्या काळच्या एकाही शिलालेखात सापडत नाही. उलट ज्यांनी खरोखर टाकी चालविली त्यांची नावे त्याच देवळाच्या दगडावर कोरलेली आहेत. चेन्नकेशवाचे हे देऊळ होयसळ राजा विष्णुवर्धन ह्याच्या काळी, 1117 साली प्रतिष्ठित झाले. तेथील शिल्पांवर बळ्ळिगावीचा दासोज आणि त्याचा मुलगा चावण ह्यांच्या सह्या आहेत. बळ्ळिगावी हे गाव आजच्या शिवमोग्गा जिल्ह्यात येते. काही शिल्पकारांनी नावापुढे प्रतिस्पर्ध्यांना आव्हान देणारी बिरुदेही लावून घेतली आहेत. म्हणजे बाप-लेक शिल्पी ही गोष्ट बेलूरला खरीच घडली; पण आमचा प्रवासलेखक कल्पित बाप-लेकांवर दोन पाने खर्च करतो आणि दगडावर सही करून गेलेल्या बाप-लेकांस एक ओळही देत नाही.

तंजावरचेही तसेच. राजराज चोळाने बांधलेले हे देऊळ 1010 साली पूर्णत्वास गेले. त्याच्या भिंतींवर आणि जोत्यावर तमिळ भाषेत जे कोरले आहे ती जगातील एखाद्या देवालयाची अत्यंत तपशीलवार अशी हिशेबवही म्हणावी लागेल. देवळाच्या सेवेसाठी निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेल्या चारशे नर्तकींची नावे, त्यांना दिलेली घरे आणि प्रत्येकीस वर्षाकाठी ठरविलेले शंभर कलम भात तेथे नोंदलेले आहे. त्यांच्याखेरीज वादक, दिवे लावणारे, छत्र धरणारे, कुंभार, परीट, न्हावी, शिंपी, सुतार, सोनार, हिशेबनीस ह्यांचेही वाटे लिहिलेले आहेत. मुख्य स्थपतीचे नावही तेथे आहे : कुंजरमल्लन् राजराज पेरुंतच्चन्. हजार वर्षांपूर्वीच्या राजाने आपल्या दानाबरोबर परटाचे आणि दिवे लावणाऱ्याचे वेतन दगडावर लिहून ठेवावे, ही गोष्ट सावली न पडण्याच्या चमत्कारापेक्षा शतपटीने आश्चर्याची नाही काय? अद्भुत हवेच असेल तर ते येथे आहे. मात्र ते पाहण्यासाठी मान वर करण्याऐवजी खाली वाकावे लागते, आणि ज्याला ती अक्षरे वाचता येतात त्याला विचारावे लागते.

दुसरा दोष मोजमापाचा. अद्भुताने ज्यांचे समाधान होत नाही ते लेखक आकड्यांकडे वळतात. शिखराची उंची इतके फूट, नंदीची लांबी इतकी, खांब इतके, पायऱ्या इतक्या. आकड्यांस आमचा विरोध नाही. आम्ही शिक्षक आहोत आणि मोजण्याची सवय चांगलीच आहे असे मानतो. परंतु आकडा हा एखाद्या प्रश्नाचे उत्तर असला पाहिजे. तंजावरचे विमान दोनशे फुटांहून अधिक उंच आहे, हे वाक्य एकटे निर्जीव आहे. कावेरीच्या मुखाकडील त्या गाळाच्या सपाट प्रदेशात बांधकामाजोगा दगडच नाही, सगळा ग्रॅनाइट बाहेरून वाहून आणावा लागला, हे त्यास जोडले की त्याच आकड्यात जीव येतो. वाचकाच्या डोळ्यांपुढे गाड्या, बैल, रस्ते, चाकरमाने आणि त्यांना लागणारे धान्य उभे राहते.

दगडाच्या जातीकडे लक्ष न देण्यातून आणखी एक विचित्र परिणाम होतो. आमच्या वर्णनांत बेलूर आणि तंजावर दोन्हीकडे 'पाषाणातील काव्य' असते, दोन्हीकडे 'डोळ्यांचे पारणे फिटते' आणि दोन्हीकडे शेवटी 'शब्द अपुरे पडतात'. मग ही दोन देवळे एकमेकांसारखी आहेत काय? बेलूरचा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की हळूहळू कठीण होतो. म्हणून तेथील मदनिकांच्या गळ्यातील हार आणि कानातील डूल दगडापासून सुटे वाटावेत इतके बारीक कोरता आले. तंजावरचा ग्रॅनाइट टाकीला सहजासहजी दाद देत नाही. तेथे शिल्प भरीव, रुंद आणि शांत झाले, आणि सौंदर्य नक्षीत न राहता उभारणीच्या रेषेत गेले. दगड निराळा, म्हणून हात निराळा आणि म्हणून देऊळ निराळे. हा भेद ज्या लेखात दिसत नाही त्या लेखाच्या लेखकाने दोन देवळे पाहिली, असे आम्ही म्हणणार नाही. तिकिटे दोन काढली, एवढेच म्हणू. शब्द अपुरे पडतात असे लिहिणाऱ्याने आधी किती शब्द वापरून पाहिले, हेही टीकाकाराने विचारावयास हवे.

तिसरा दोष शोकाचा, आणि तो हंपीच्या वर्णनांत विशेष आढळतो. 1565 च्या लढाईनंतर विजयनगरची राजधानी लुटली गेली आणि ओस पडली, ही घटना दुःखदच आहे. परंतु आमच्या लेखांतील हंपी ही केवळ स्मशानभूमी असते. भग्न मूर्ती, मोकाट वारा, अस्ताला जाणारा सूर्य आणि लेखकाचा निःश्वास. ह्या निःश्वासात दोन गोष्टी हरवतात. विरूपाक्षाच्या देवळात पूजा आजही चालू आहे, ही पहिली. दुसरी गोष्ट पाण्याची. विजयनगरच्या राजांनी तुंगभद्रेचे पाणी अडवून जे कालवे काढले, त्यांपैकी काही आजही वाहतात. तुर्तू कालव्याच्या पाण्यावर ओसाड राजधानीच्या मधोमध केळीच्या बागा आणि भातखाचरे उभी आहेत. प्रवासी त्या केळीच्या बागांमधून चालत पडक्या बाजारपेठेकडे जातो आणि घरी येऊन लिहितो की, येथे सर्व काही संपले. सावलीत बसून सावली नाही असे लिहिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याची आणि ह्या लेखकाची जात एकच आहे.

हंपीच्या संदर्भात मराठी लेखकाची आणखी एक ओढ जाणवते, ती म्हणजे 'आपले' शोधण्याची. विठ्ठलमंदिर, दगडी रथ, स्वर निघणारे खांब ह्यांचे वर्णन होते आणि लगेच भानुदासांची कथा येते. कृष्णदेवरायाने पंढरीची मूर्ती विजयनगरास नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास ह्यांनी ती परत आणली, ही परंपरागत कथा आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याची आहे, आणि मूर्ती नसलेल्या त्या गाभाऱ्यासमोर मराठी माणसाला तिची आठवण होणे अगदी स्वाभाविक आहे. प्रश्न इतकाच की, ती आठवण झाल्यावर लेखक पुढे पाहतो की तेथेच थांबतो? पुष्कळजण थांबतात. विठ्ठल आपला, म्हणून हे देऊळ आपले, एवढ्या समाधानावर परिच्छेद संपतो. तो दगडी रथ म्हणजे रथाच्या रूपाने बांधलेले गरुडाचे देऊळ आहे, हे सांगण्याची आवश्यकता मग लेखकास वाटत नाही.

ह्याच्या नेमकी उलट चूक आमच्या हातून तंजावरास घडली. आम्ही 1996 साली, शिक्षकीची पहिली काही वर्षे उलटल्यावर, तेथे प्रथम गेलो. सोबत घेतलेल्या दोन-तीन प्रवासलेखांत ज्या गोष्टी होत्या त्या सर्व आम्ही पाहिल्या आणि समाधानाने परतलो. पुढे काही वर्षांनी कळले की, त्याच देवळाच्या आवारातील भिंतीवर, नैर्ऋत्येच्या बाजूस, दुसरे सरफोजीराजे ह्यांनी 1803 साली कोरविलेला भोसले वंशाच्या इतिहासाचा प्रचंड मराठी शिलालेख आहे. तो देवनागरी लिपीत आहे. तो वाचण्यास कोणाची मदत लागत नाही. मराठीचा शिक्षक त्या आवारात दोन तास हिंडला आणि आपल्याच भाषेतील तेवढा मोठा लेख न पाहता परत आला, कारण त्याच्या हातातील लेखांत त्याचा उल्लेख नव्हता. 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरात मराठ्यांचे राज्य स्थापिले आणि ते 1855 पर्यंत टिकले. शहाजीराजांनी तेथे मराठीत नाटके रचली. सरस्वती महालात मराठी हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. हे सर्व आम्ही वर्गात शिकवीत होतो. शिकवलेले आणि पाहिलेले ह्यांची गाठ मात्र पडली नाही.

2022 साली आम्ही मुलांना मुद्दाम त्या भिंतीपाशी नेले. मुले आनंदाने अक्षरे वाचू लागली, हे पाहून आम्हांस फार बरे वाटले. पण येथेही सावध राहिले पाहिजे. त्या भिंतीवरचा मराठी लेख तेवढा वाचून जो परततो आणि मुख्य मंदिरावरच्या तमिळ लेखांकडे ढुंकूनही पाहत नाही, त्याने तंजावरचा अर्धाच धडा घेतला. सरफोजीराजांनी आपल्या कुळाचा इतिहास कोरण्यासाठी राजराजाच्या देवळाची जागा का निवडली? जेथे आधीच्या राजांनी दगडावर लिहिण्याची प्रथा पाडली होती, तेथे आपलेही लिहावे, असा विचार त्यामागे असावा असे आम्हांस वाटते. मराठी लेख तमिळ लेखांच्या शेजारी आहे, म्हणूनच त्यास अर्थ आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्यासारख्या मराठी मंडळींना ही गोष्ट अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

आता एका उपेक्षित विषयाकडे वळू. वरील दोषांचे मूळ कोठे आहे, हे आमच्या मते पुष्पप्रदर्शनांच्या वर्णनांवरून उत्तम रीतीने कळते. बंगळूरच्या लालबागेत प्रजासत्ताकदिन आणि स्वातंत्र्यदिन ह्यांच्या सुमारास वर्षातून दोनदा मोठे पुष्पप्रदर्शन भरते. उटकमंडच्या सरकारी वनस्पतिउद्यानात मे महिन्यात भरते, आणि तेथील परंपरा 1896 पासूनची आहे. आमच्या शाळेच्या सहलीही जानेवारीत लालबागेस जातात. परंतु प्रवासलेखांत त्यास स्थान किती? 'नंतर आम्ही पुष्पप्रदर्शन पाहिले. मुलांना व महिलावर्गास ते फार आवडले.' एवढ्यावर लेखकाची लेखणी पुढच्या मंदिराकडे धावते. जणू फुले पाहणे ही करमणूक आणि दगड पाहणे ही विद्या! विजयनगरच्या लोकांस हा भेद पटला नसता. 1443 साली हेरातहून आलेला वकील अब्दुर रझाक ह्याने नोंदविले आहे की, त्या नगरात गुलाब जागोजाग विकले जात आणि लोकांना ते अन्नाइतकेच आवश्यक वाटत. ज्या बाजारपेठेच्या पडक्या खांबांपुढे आपण निःश्वास टाकतो, त्या नगरात फुलांचे दुकान धान्याच्या दुकानाइतकेच महत्त्वाचे होते.

लालबागेचे वर्णन करावयाचे तर सांगण्यासारखे पुष्कळ आहे. हैदरअलीने 1760 साली बाग सुरू केली, टिपूने ती वाढविली आणि 1889 साली तेथे काचेच्या मंडपाची पायाभरणी झाली. ह्याच मंडपात प्रदर्शन भरते. बागेची व्यवस्था पाहणाऱ्यांपैकी एक नाव वडोदऱ्याच्या वाचकांस विशेष जवळचे वाटेल. गुस्ताव्ह क्रुम्बीगेल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ 1893 साली सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत वडोदऱ्यास आला आणि 1908 साली तेथून बंगळूरला गेला. एका जातीच्या झाडांचा बहर ओसरला की दुसऱ्या जातीचा यावा आणि नगरात बारा महिने कोठे ना कोठे फुलोरा दिसावा, अशा योजनेने बंगळूरच्या रस्त्यांवर झाडे लावण्याचे श्रेय त्याला देतात. 1956 साली बंगळूरातच त्याचे निधन झाले. एका मराठी राजाच्या पदरी असलेला माळी पुढे कन्नड नगराला फुलोरा देतो, ही हकीकत आमच्या एकाही दक्षिणयात्रेच्या लेखात आम्हांस आढळली नाही.

ह्या प्रदर्शनात फुलांच्या प्रतिकृती उभारण्याची प्रथा आहे. 2017 च्या जानेवारीत तेथे विजापूरचा गोलघुमट फुलांचा केला होता. त्या वेळी आम्ही मुलांबरोबर तेथे होतो, आणि मुलांपैकी पुष्कळांनी खरा गोलघुमट आधी पाहिलेला होता. मुलांनी फुलांच्या गोलघुमटाविषयी जे प्रश्न विचारले ते खऱ्या गोलघुमटापाशी कधीच विचारले नव्हते. हा कोणी केला? किती माणसे लागली? फुले कोठून आणली? सुकली की काय करतात? आतून आधार कशाचा आहे? कारण स्पष्ट होते. फुलांचा घुमट डोळ्यांदेखत सुकत होता आणि माळी शिडीवर चढून सुकलेली फुले काढून ताजी बसवीत होता. करणारे हात समोर दिसत होते, म्हणून प्रश्न सुचले. दगडाच्या घुमटापाशी हात दिसत नाहीत. म्हणून आम्ही करणाऱ्याचा विचार सोडून देतो आणि त्या रिकाम्या जागी चमत्कार, फूटपट्टी किंवा निःश्वास आणून बसवितो. वर सांगितलेल्या तिन्ही दोषांचे मूळ हे आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, दक्षिणयात्रेच्या वर्णनाची कसोटी एकच धरावी : लेखकाने पाहिलेली वस्तू कोणाची तरी कृती म्हणून पाहिली आहे की नाही? देऊळ असो, कालवा असो की फुलांचा ताटवा असो, तो कोणी, कशाचा, कोणत्या अडचणीतून केला आणि आज तो कोण राखतो, ह्याची जाणीव ज्या लेखात आहे तो लेख वाचकास डोळे देतो. ज्यात ती नाही तो लेख पाहण्याची गरजच संपवितो. त्याचा वाचक प्रत्यक्ष जागी उभा राहूनही लेखच पाहत असतो.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. प्रवासवर्णन म्हणजे गॅझेटिअर नव्हे. ते ललित वाङ्मय आहे. त्यात लेखकाचे व्यक्तिमत्त्व, त्याची लहर, त्याचा विनोद हवा. सनावळ्या आणि शिलालेख भरून ते जड करावयाचे काय? आम्ही ह्या आक्षेपाचा पुष्कळ विचार केला. मात्र ज्या लेखांविषयी आम्ही बोलत आहोत त्यांत व्यक्तिमत्त्व तरी कोठे आहे? सर्वांचीच डोळ्यांची पारणी सारखीच फिटतात, सर्वांचेच शब्द एकाच ठिकाणी अपुरे पडतात. लेखकांची नावे झाकली तर कोणाचा लेख कोणता हे सांगता येणार नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला एक तपशील लेखकाचे व्यक्तिमत्त्व जितके प्रकट करतो तितके दहा उद्गार करीत नाहीत. सावलीत बसलो होतो, फरशी तापली होती, हे त्या मुलाने लिहिले असते तर ते ललितही झाले असते आणि खरेही.

तरीही आक्षेपाचा एक भाग आम्ही मान्य करतो. शिलालेखांची माहिती पुस्तकातून उतरवून काढली तर तीही दुसरे माहितीपत्रकच होईल. दासोजाचे नाव जकणाचारीच्या जागी पाठ करविले, तर आम्ही फक्त एक पाठांतर बदलले. ह्याचे भान ठेवून आम्ही पुढच्या सहलीस माहितीपत्रक दिलेच नाही. 2023 साली बेलूर आणि हळेबीड ही दोन्ही देवळे सोमनाथपूरच्या देवळासह जागतिक वारशाच्या यादीत गेली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आम्ही मुलांना घेऊन तेथे गेलो. मुलांना एवढेच सांगितले की, प्रत्येकाने एकच वस्तू निवडावी, तिच्यापुढे पंधरा मिनिटे उभे राहावे आणि जे दिसेल तेवढेच लिहावे.

हळेबीडला एका मुलीने एका मूर्तीच्या पायाशी असलेली अक्षरांची ओळ वहीत उतरवून घेतली. आमच्या मुलांना शाळेत कन्नड शिकावे लागते. पण ती अक्षरे जुन्या वळणाची होती, आणि मुलीस ती लागली नाहीत. आम्हांसही लागली नाहीत. परत आल्यावर ती वही घेऊन आम्ही शेजारच्या कन्नड शाळेतील एका वडीलधाऱ्या अध्यापकांकडे गेलो. इतकी वर्षे एकाच रस्त्यावर नोकरी करून आम्ही त्यांच्याशी नमस्कारापलीकडे बोललो नव्हतो. चष्मा वर-खाली करीत त्यांनी तासभर ती ओळ पाहिली. मुलीच्या हाताने काही अक्षरे बिघडली होती, काही दगडावरच झिजली असावीत. पूर्ण नाव लागले नाही. पण ते एका शिल्पकाराचे नाव आहे, एवढे त्यांनी निश्चयाने सांगितले, आणि पुढच्या खेपेस आपण बरोबर येऊ असेही म्हणाले.

त्या मुलीचा वृत्तान्त दीड पानांचा आहे. त्यात उंची नाही, चमत्कार नाही, पारणे फिटलेले नाही. शेवटी तिने लिहिले आहे की, ज्याने ही मूर्ती केली त्याला आपले नाव कोणी वाचावे असे वाटत होते आणि ते मला अर्धेच वाचता आले. शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत, त्या आम्ही तांबड्या शाईने दुरुस्त केल्या आहेत. ह्या वर्षीच्या आमच्या शालेय वार्षिकात दक्षिणयात्रेचे वर्णन म्हणून तोच छापला जाईल. त्या जागेसाठी आम्ही लिहून ठेवलेला स्वतःचा लेख परत घेतला आहे.